सगळ्या वाहिन्यांवर एकच बातमी का?

वाचकांचे प्रश्न, डेस्कवरची उत्तरं

या वेळच्या टपालात एकाच तक्रारीचे इतके अवतार आले, की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले आहेत. काही पत्रं मी कापून छोटी केली. जुनी सवय, जात नाही.

प्रश्न : गेले कित्येक दिवस कोणतीही वाहिनी लावा, एकाच खुनाचा खटला. आरोपी बाई गाडीतून कशी उतरली, तिने काय घातलं होतं, तिच्या शेजारणीला काय वाटतं. जगात दुसरं काही घडतच नाही का? हे ठरवतं तरी कोण?
– निवृत्त शिक्षिका

घडतं हो, भरपूर घडतं. संध्याकाळी डेस्कवर, म्हणजे बातम्या निवडून नीट करणाऱ्यांच्या टेबलावर, वृत्तसंस्थांचा आणि वार्ताहरांचा जो मजकूर येऊन पडतो, त्यातला बराचसा कुठेच लागत नाही. ठरवतं कोण, याचं उत्तर मात्र तुमची निराशा करेल. पडद्याआड बसून सूत्रं हलवणारा कोणी एक असता, तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

मी आधी दैनिकात आणि मग वाहिनीत, दोन्हीकडे डेस्कवरच होते. वाहिनीच्या न्यूजरूममध्ये एका भिंतीवर ओळीने टीव्ही असतात. प्रत्येकावर एकेक प्रतिस्पर्धी, आवाज बंद. बुलेटिनचा रनडाउन ठरलेला असतो : आधी ही बातमी, मग ती, मग दूषित पाण्यावरचं पॅकेज, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेली चित्रित बातमी, शेवटी खेळ. एवढ्यात समोरच्या एका पडद्यावर लाल पट्टी झळकते. कोणीतरी वरिष्ठ खुर्चीतून उठतात आणि म्हणतात, ‘त्यांच्याकडे आहे, आपल्याकडे का नाही?’ झालं. सगळ्यात आधी उडतं ते पाण्याचं पॅकेज, कारण ते ‘उद्याही चालेल’. उद्याही त्याचं तेच होतं. गंमत म्हणजे त्या दुसऱ्या न्यूजरूममध्येही अशीच भिंत असते आणि तिथे आपली वाहिनी लावलेली असते. दोघं एकमेकांकडे बघतात आणि बातमी मोठी आहे अशी खात्री करून घेतात.

आता शेजारणीचं. ओबी व्हॅन, म्हणजे थेट प्रक्षेपणाची गाडी, कोर्टाबाहेर उभी केली की तिचा खर्च सुरू होतो. वार्ताहर आणि कॅमेरामन तिथे अडकून पडतात, म्हणून दर तासाला त्यांच्याकडे ‘जावंच’ लागतं. कोर्टात काही दर तासाला घडत नाही. पुढची तारीख पडते आणि सगळे घरी जातात. मग शेजारीण सापडते. मग गाडीचा रंग सापडतो. आणि एक आतली गोष्ट सांगते. ‘घटनास्थळावरून थेट’ बोलणाऱ्या वार्ताहराला नवीन काय घडलं ते पुष्कळदा डेस्कवरूनच इअरपीसमध्ये सांगितलेलं असतं. तो तेच, जरा धाप लागल्यासारखं, आपल्याला परत ऐकवतो.

हे सगळं टीव्हीने आणलं असं मात्र समजू नका. ३० जानेवारी १९२५ रोजी अमेरिकेतल्या केंटकी राज्यात फ्लॉइड कॉलिन्स नावाचा गुहा धुंडाळणारा माणूस एका अरुंद गुहेत, पायावर दगड येऊन अडकला. लुइसव्हिलच्या दैनिकाचा एक किरकोळ अंगाचा तरुण बातमीदार त्या फटीतून सरपटत त्याच्यापर्यंत पोचला, त्याच्याशी बोलला, त्याला खाऊ घातलं आणि वर येऊन बातमी दिली. पुढच्या वर्षी त्या बातमीदाराला पुलित्झर हे पत्रकारितेतलं मानाचं पारितोषिक मिळालं. बाहेर हजारोंची जत्रा भरली, विक्रेते आले. दोन आठवड्यांहून अधिक काळ सगळा देश त्या एका भोकाकडे डोळे लावून होता. कॉलिन्स वाचला नाही. तेव्हा टीव्ही नव्हता, टीआरपी नव्हता.

प्रश्न : जून २०२३ मध्ये टायटॅनिकचे अवशेष बघायला गेलेल्या पाच जणांसाठी सगळं जग श्वास रोखून बसलं होतं. त्याच सुमारास ग्रीसजवळ शेकडो स्थलांतरित बुडाले. माझी मुलगी विचारते, ‘आई, श्रीमंत माणसाचा जीव जास्त महाग असतो का?’ मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही द्या.
– एक आई

‘हो’ म्हणालात तर ते अगदी खोटं ठरणार नाही. पण तेवढ्यावर थांबू नका, कारण ती मुलगी पुढचा प्रश्न विचारणारी दिसते.

आधी काय झालं ते. १४ जूनच्या पहाटेआधी ‘एड्रियाना’ नावाची मासेमारीची जुनाट बोट ग्रीसच्या पायलॉस गावापासून दूर, खोल समुद्रात उलटली. तिच्यावर साडेसातशेपर्यंत माणसं असावीत असा अंदाज आहे. बहुतेक पाकिस्तान, इजिप्त आणि सीरियातली. १०४ वाचले, ८२ मृतदेह मिळाले. बाकीचे किती, हे आजही कोणी नेमकं सांगू शकत नाही. चार दिवसांनी, १८ जूनला, टायटॅनिककडे निघालेल्या ‘टायटन’ या पाणबुडीशी संपर्क तुटला.

टायटनच्या बातमीला एक घड्याळ होतं. आत ९६ तासांचा ऑक्सिजन असल्याचं सांगितलं गेलं आणि तो आकडा डेस्कच्या हाती पडला. आता किती तास उरले, हे दर तासाला सांगता येतं. शेवट काय होणार ते कोणालाच ठाऊक नसतं. आणि आतल्या पाचही जणांची नावं, फोटो, मुलाखत द्यायला तयार असलेले मित्र, सगळं पहिल्या एक-दोन दिवसांतच हजर. बातमी चालवायला आणखी काय लागतं? २२ जूनला समुद्रतळावर अवशेष सापडले. मग कळलं, की अमेरिकी नौदलाच्या ध्वनियंत्रणेने पहिल्याच दिवशी पाणबुडी चिरडल्यासारखा आवाज टिपला होता. म्हणजे ते घड्याळ चार दिवस टिकटिकत होतं ते संपून गेलेल्या गोष्टीसाठी.

बोटीची बातमी आली ती ‘बुडाली’ अशीच आली. मथळ्यातच शेवट. प्रवाशांची यादी नाही, फोटो नाहीत. नावं मिळवायची तर वेगवेगळ्या देशांतल्या लहान गावांत माणसं पाठवायची, दुभाषे गाठायचे, आठवडेच्या आठवडे घालवायचे. एवढा खर्च कोण करणार?

इथपर्यंतचं स्पष्टीकरण डेस्कवरचा कोणीही देईल आणि मान हलवून गप्प बसेल. मला ते पुरत नाही. कारण घड्याळ त्या बोटीवरही होतं. १३ जूनचा जवळजवळ अख्खा दिवस ती बोट दिसत होती. युरोपच्या सीमा सांभाळणाऱ्या फ्रंटेक्सच्या विमानाने तिचे फोटो काढले. व्यापारी जहाजांनी जवळ जाऊन पाणी दिलं. ग्रीक तटरक्षक दलाला ती कुठे आहे ते माहीत होतं. एवढं सगळं होऊन रात्री ती बुडाली. यापेक्षा जास्त उत्कंठेची गोष्ट कुठली असेल? ती उलगडलीही, थोड्या चिकट बातमीदारांनी, हळूहळू, आतल्या पानांवर. नऊ इजिप्शियन माणसांना मानवी तस्करीच्या आरोपाखाली पकडलं होतं. मे २०२४ मध्ये, हा आमच्या अधिकारक्षेत्राबाहेरचा मामला आहे, असं सांगत कालामाताच्या कोर्टाने खटला थांबवला. मे २०२५ मध्ये तटरक्षक दलाच्या १७ जणांवर आरोप ठेवले गेले. तुम्हाला हे माहीत होतं का? नसणार. टायटनच्या मालकाची माहिती मात्र आपल्या सगळ्यांना पाठ आहे.

मुलीला सांगा की जीव सारखाच असतो. कोणाच्या जिवामागे कॅमेरा पाठवायचा हे पैसे बघून ठरतं. आणि ती तेरा-चौदा वर्षांची असेल तर तिला १३ जूनचा तो दिवस तासातासाने शोधायला सांगा. सगळं उपलब्ध आहे.

प्रश्न : मॅडम, लोक बघतात म्हणून वाहिन्या दाखवतात. साधा मागणी-पुरवठ्याचा हिशेब आहे. मग शिव्या फक्त माध्यमांनाच का?
– पत्रकारितेचा विद्यार्थी

तुझं अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं मी आधी मान्य करते. १७ जून १९९४ च्या संध्याकाळी अमेरिकेत खुनाचा आरोप असलेल्या ओ. जे. सिम्प्सन या माजी फुटबॉलपटूची पांढरी गाडी महामार्गावरून सावकाश चालली होती आणि मागे पोलिसांच्या गाड्या. सुमारे साडेनऊ कोटी लोकांनी ते पाहिलं. कोणी बंदूक रोखून बसवलं नव्हतं. त्याच आठवड्यांत रवांडात वंशसंहार चालू होता, शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. लोकांनी गाडी बघितली. खरं आहे.

पण तुझा ‘मागणी’ मोजणारा आकडा, म्हणजे टीआरपी, काय मोजतो ते बघ. जे दाखवलं त्यातलं किती जणांनी पाहिलं, एवढंच. जे दाखवलंच नाही ते किती जणांनी पाहिलं असतं, हे कुठलंही मीटर सांगत नाही. हा आकडा दर आठवड्याला न्यूजरूममध्ये येतो, मागच्या आठवड्यात आपण जे केलं तेच बरोबर होतं असं सांगतो, आणि आपण ते परत करतो.

आता एक उदाहरण देते, ते जरा नीट वाच. वर्गात उपयोगी पडेल. ब्रिटनमध्ये पोस्टाची छोटी कार्यालयं चालवणारे उपपोस्टमास्तर असतात. बहुतेकांचं गावात दुकान आणि त्यातच पोस्टाचं काउंटर. १९९९ पासून पोस्ट ऑफिसने तिथे ‘होरायझन’ ही संगणकप्रणाली बसवली. हळूहळू हिशेबात तूट दिसायला लागली. आज एवढे पौंड कमी, उद्या त्याच्या दुप्पट. मदतीच्या फोनवर कित्येकांना सांगितलं गेलं, की अशी अडचण फक्त तुमच्याकडेच आहे. लोकांनी घरं गहाण टाकून पैसे भरले. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक जण चोरी, अफरातफर आणि खोटे हिशेब यांसाठी दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, काहींनी आत्महत्या केल्या. दोष प्रणालीत होता.

आता डेस्कच्या नजरेने बघ. प्रत्येक खटला वेगळ्या गावात, वेगळ्या कोर्टात. स्थानिक वर्तमानपत्रात सिंगल कॉलम : पोस्टाचे पैसे लाटले, शिक्षा. शेकडो सिंगल कॉलम, पण ते एकत्र कोणी ठेवलेच नाहीत. मे २००९ मध्ये ‘कॉम्प्युटर वीकली’ने सात जणांची कहाणी छापली. हे संगणकक्षेत्राचं व्यावसायिक नियतकालिक. घराघरात जाणारं नव्हे. पुढे आणखी काही पत्रकार चिकटून राहिले. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीतल्या दोषांवर शिक्कामोर्तब केलं. तरी तो विषय पहिल्या पानावर येऊन ठाण मांडून बसला नाही.

जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीने यावर चार भागांची मालिका दाखवली. लागोपाठ चार रात्री. सगळा देश खवळला. काही दिवसांतच पंतप्रधानांनी कायदा आणण्याची घोषणा केली आणि मे महिन्यात तो कायदा झालाही. शेकडो शिक्षा एका फटक्यात रद्द.

मालिकेतली मुख्य हकिगत आधीच छापून आलेली होती. प्रेक्षक तेच. पंधरा वर्षं ज्या लोकांना ‘यात रस नाही’ असं न्यूजरूममध्ये गृहीत धरलं गेलं, तेच लोक चार संध्याकाळी हलले नाहीत. तेव्हा ‘लोकांना हेच हवंय’ हे वाक्य उद्या नोकरीत तुला कोणी ऐकवलं, तर विचार : दुसरं काही देऊन पाहिलंत का कधी?

प्रश्न : अँकर एवढे ओरडतात का?
– पोस्टकार्ड, नाव नाही

कारण ते स्वस्त पडतं. वार्ताहराला आठवडाभर कुठे पाठवायचं तर भाडं, मुक्काम, कॅमेरामन, आणि शेवटी हाती काही लागेल याची खात्री नाही. सहा पाहुणे आपापल्या घरून कॅमेऱ्यासमोर बसवले तर तास निघतो.

प्रश्न : नको त्या गोष्टी दडपण्यासाठी सरकारंच अशा सनसनाटी बातम्या सोडतात, असं आमच्या कट्ट्यावर ठाम मत आहे. खरं का?
– ज्येष्ठ नागरिक

सोडतात यापेक्षा संधी साधतात, असं म्हणा. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कचे मनोरे जळत असताना ब्रिटिश सरकारातल्या एका सल्लागार बाईंनी सहकाऱ्यांना ई-मेल पाठवला, की जे काही गाडून टाकायचं असेल ते जाहीर करायला आजचा दिवस फार चांगला आहे. ई-मेल फुटला, गदारोळ झाला, आणि पुढच्या फेब्रुवारीत बाईंना जावं लागलं. बाकीचे लोक असं लिहून ठेवत नाहीत, एवढंच. गैरसोयीचा अहवाल शुक्रवारी संध्याकाळी का येतो, हे डेस्कवरच्या शिकाऊ पोरालाही कळतं.

पण कट्ट्यावर हेही सांगा, की कोणी काही कारस्थान न करताही परिणाम तोच होतो. आयसेन्से आणि स्ट्रॉमबर्ग या अर्थशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९६८ ते २००२ या काळातल्या सुमारे ५,००० नैसर्गिक आपत्ती आणि त्यांना अमेरिकेने केलेली मदत, असा त्याचा विषय. आपत्ती ऑलिंपिकच्या दिवसांत किंवा दुसरी मोठी बातमी गाजत असताना आली, तर ती बातम्यांत येण्याची आणि म्हणून मदत मिळण्याचीही शक्यता कमी होते, असं त्यांना आढळलं. भूकंपग्रस्तांचा आणि धावण्याच्या शर्यतीचा काय संबंध? पण बुलेटिन अर्ध्या तासाचंच असतं. त्याच अभ्यासातला आणखी एक आकडा माझ्या डोक्यातून जात नाही : ज्वालामुखीत एक माणूस मेला तर बातमी होण्याची जेवढी शक्यता, तेवढी अन्नटंचाईत व्हायला सुमारे ४०,००० माणसं मरावी लागतात. ज्वालामुखीचं चित्र चांगलं येतं.

प्रश्न : बातम्या बघून माझी झोप उडते. यजमान म्हणतात, बघणंच बंद कर. करू का?
– गृहिणी

टीव्ही बंद करा. बातम्या बंद करू नका.

२००१ च्या उन्हाळ्यात अमेरिकी माध्यमांनी शार्कच्या हल्ल्यांचा एवढा धुरळा उडवला, की ‘टाइम’ने त्यावर मुखपृष्ठ केलं. वर्ष संपल्यावर हिशेब लागला, तेव्हा त्या वर्षीचे हल्ले आणि बळी दोन्ही आदल्या वर्षापेक्षा कमी निघाले. समुद्र होता तसाच होता, कॅमेरे वाढले होते. दुसरं उदाहरण : अमेरिकेतले मृत्यू आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधल्या मृत्यूंच्या बातम्या यांची २०१६ पुरती तुलना झाली आहे. मृत्यूंपैकी सुमारे ३० टक्के हृदयविकाराचे होते, पण बातम्यांत त्याचा वाटा दोन-तीन टक्के. दहशतवादाचे मृत्यू ०.०१ टक्क्याहूनही कमी, बातम्यांत मात्र एक तृतीयांश. तुमची झोप ज्या भीतीने उडते, ती त्या बातम्यांमधल्या आकड्याची आहे.

मी स्वतः काय करते ते सांगते. दिवसातून एकदा, सकाळी, छापील वर्तमानपत्र. आणि ते मागून पुढे. पहिलं पान शेवटी. आणि मी दोन विषय ‘दत्तक’ घेतलेत, जे मी कोणी दाखवो न दाखवो शोधून वाचते. एक सुदान. तिथे १५ एप्रिल २०२३ पासून युद्ध चालू झालं आणि एक कोटीहून अधिक लोकांना घरदार सोडावं लागलं. तुमच्या टीव्हीवर ते किती मिनिटं आलं ते आठवून बघा. दुसरा सांगत नाही, तो घरगुती वादाचा विषय आहे. तुम्हीही एक निवडा. नॉर्वेजियन रेफ्युजी कौन्सिल दरवर्षी जगातल्या सर्वाधिक दुर्लक्षित विस्थापनांची यादी काढते. तिथून निवडलंत तरी चालेल. यजमानांना सांगा, झोपेची हमी मी घेत नाही, पण निदान ज्याने झोप उडावी त्यानेच उडेल.

प्रश्न : आमच्या भागातलं पाणी कित्येक वर्षं दूषित आहे. वर्तमानपत्रांना पत्रं लिहिली, निवेदनं दिली. एकाच छोट्या बातमीवर विषय संपला. आता काय पाण्यात कोणी मेल्यावर येणार का?
– एक त्रस्त नागरिक

तुमचा राग रास्त आहे. खरं सांगायचं तर बहुतेकदा तसंच होतं. जपानमध्ये मिनामाता इथे पाऱ्याच्या विषबाधेचा आजार १९५६ मध्ये अधिकृतपणे नोंदला गेला. तो कारखान्याच्या सांडपाण्यामुळे होतो हे सरकारने मान्य केलं १९६८ मध्ये. मधली बारा वर्षं तो तिथल्या कोळ्यांचा खासगी दुर्दैवाचा विषय राहिला.

योहान गाल्टुंग आणि मारी रूगे या नॉर्वेच्या अभ्यासकांनी १९६५ मध्येच याचं कारण लिहून ठेवलंय : बातमीला वर्तमानपत्राच्या तालावर घडावं लागतं. धरण बांधलं जात असताना बातमी नसते, उद्घाटनाला असते. तुमचं पाणी रोजच दूषित आहे, म्हणून ते कुठल्याच एका दिवशी बातमी नाही. तेव्हा तो दिवस तुम्हीच तयार करा.

‘कित्येक वर्षं’ हा शब्द निवेदनातून काढून टाका. उपसंपादक तो वाचला की पुढे जातो. त्याऐवजी एका ठिकाणच्या पाण्याचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या, तीन महिन्यांनी त्याच ठिकाणचा पुन्हा, आणि दोन्ही अहवाल शेजारी शेजारी ठेवा. आधीच्यापेक्षा आता एवढं वाढलं, ही बातमी झाली. अर्ज केल्याची तारीख आणि पोच जपून ठेवा. अर्जाला वर्ष झालं की त्या दिवशी वार्ताहराला फोन करा, वर्षपूर्ती डेस्कला कळते. एक घर तयार ठेवा, जिथली माणसं नाव आणि फोटो द्यायला कचरणार नाहीत. हे शेवटचं अवघड आहे, मला माहीत आहे. आणि सगळ्यांना एकदम पत्रक पाठवू नका. ज्याने ती छोटी बातमी दिली होती, तो बातमीदार शोधा. त्याने ती लावून घेण्यासाठी आत भांडण केलं असण्याची शक्यता बरीच आहे. पहिला अहवाल आधी त्याच्याच हातात द्या, सोमवारी सकाळी. शुक्रवारी नको.